नव्या लॅपटॉपवरचे स्टिकर : काढावेत की राहू द्यावेत?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी.

बऱ्याच वर्षांनी नवा लॅपटॉप घेतला. खोका उघडला, झाकण उचललं, तर मनगटं टेकवायच्या जागेवर पाच स्टिकर! डावीकडे प्रोसेसरचा, त्याला खेटून ग्राफिक्सचा, मग वीजबचतीचा. उजवीकडे जवळजवळ तळहाताएवढा एक, त्यावर रॅम किती, स्टोरेज किती, स्क्रीन किती इंची याची जाहिरात. त्याच्याखाली आवाजाच्या तंत्रज्ञानाचा एक छोटासा चकचकीत.

लॅपटॉपबद्दल तक्रार नाही, उत्तम चालतोय. पण मी अनुवादाचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास टायपिंग असतं. त्या मोठ्या स्टिकरची कड उजव्या मनगटाला सतत लागते. संध्याकाळी तिथे लाल रेघ उमटलेली असते. शिवाय नजरेलाही खुपतं. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू अजून दुकानाच्या फळीवरच आहे असं वाटत राहतं.

हे काढले तर वॉरंटी जाते का? खाली चिकटा न राहता आणि ओरखडे न उठता कसे काढायचे? आणि पुढच्या वेळेसाठी विचारते, बिनस्टिकरचा लॅपटॉप मिळतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मृगजळी

खोका उघडल्यावर माझं पहिलं काम हेच असतं. चालू नंतर करते, स्टिकर आधी काढते. वॉरंटीला काही होत नाही, बिनधास्त काढा.

रानवारा

मी उलट्या बाजूचा. मला ते आवडतात. माझ्या पहिल्या लॅपटॉपवरचा प्रोसेसरचा स्टिकर बारा वर्षांनंतरही जागेवर आहे. तो लॅपटॉप मी स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतला होता आणि तो चौकोन त्या दिवसाची खूण आहे. गाडीवर कंपनीचं चिन्ह असतं ते कोणी उपटून काढत नाही. मग इथेच एवढा राग का?

मृगजळी

रानवारा, गाडीवर गाडी बनवणाऱ्याचं चिन्ह असतं. टायर, काचा आणि बॅटरी बनवणाऱ्यांची नावं कोणी स्टिअरिंगवर चिकटवत नाही.

पायवाट

स्पिरिट घ्या, कापसावर ओता, कडेने चोळा. दोन मिनिटांत सगळं साफ. मी असंच करतो.

दुपारचं_ऊन

माझ्या पाच वर्षांच्या लेकीने नवा लॅपटॉप बघितल्या बघितल्या विचारलं, "आई, याला एवढं कुठे लागलंय?" तिला ते स्टिकर बँडेजच्या पट्ट्यांसारखे वाटले. मग आम्ही दोघींनी मिळून बसून "पट्ट्या" काढल्या. प्रत्येक पट्टी निघाली की ती खालच्या जागेवर हलकेच फुंकर घालायची.

हेअर ड्रायरने थोडं गरम केलं आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कड उचलली. छान निघाले. आमचा लॅपटॉप अॅल्युमिनियमचा आहे.

सुतारपक्षी

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

कोरीपाटी, काही करायच्या आधी एक सांगा : तुमच्या लॅपटॉपचा पृष्ठभाग कसला आहे? धातू, साधं प्लास्टिक, रंग दिलेलं प्लास्टिक, की हाताला मऊ रबरासारखा लागणारा? सगळी पद्धत यावर ठरते. "मी असं केलं आणि निघाला" हे प्रत्येकाच्या बाबतीत खरंच असतं, पण ते त्याच्या पृष्ठभागापुरतं खरं असतं.

अॅनोडाइज्ड (प्रक्रिया करून वरचा थर कडक केलेलं) अॅल्युमिनियम सर्वांत सोपं. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे स्पिरिटचाच एक प्रकार, निर्धास्त चालतं. साध्या, न रंगवलेल्या प्लास्टिकवरही बहुतेक वेळा चालतं. मात्र नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर कुठल्याही प्लास्टिकच्या जवळ नेऊ नका. रिमूव्हरमध्ये बहुधा अॅसिटोन असतं. लॅपटॉपची बॉडी बहुधा एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या दोन प्लास्टिकांच्या मिश्रणाची असते. अॅसिटोन एबीएसला विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेटवर पांढुरका डाग आणि बारीक भेगा आणतं. माझ्याकडे असे लॅपटॉप येतात. डाग "काढून द्या" म्हणतात. तो डाग नसतो, प्लास्टिकच विरघळून पुन्हा घट्ट झालेलं असतं. ते काढता येत नाही.

सर्वांत नाजूक तो मऊ रबरी लेप. पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. स्पिरिट लागलं की तो थरच सुटून येतो. म्हणून पायवाट यांचा सल्ला पृष्ठभाग बघितल्याशिवाय कोणीही वापरू नये अशी कळकळीची विनंती.

वॉरंटीचं मृगजळींनी बरोबर सांगितलंय. वरच्या बाजूचे जाहिरातीचे स्टिकर काढल्याने वॉरंटी जात नाही. मात्र लॅपटॉप उलटा केल्यावर तळाला जे लेबल असतं, ज्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, त्याला हात लावायचा नाही.

कोरीपाटी

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद अर्धा तास आधी वाचायला हवा होता. पृष्ठभाग काळा, मॅट आणि हाताला मऊसर लागणारा आहे. मी पायवाट यांचं वाचून आवाजाच्या त्या छोट्या स्टिकरच्या कडेला कान साफ करायच्या काडीने थोडं स्पिरिट लावलं. काडीचा कापूस काळा झाला. आधी वाटलं धूळ असेल. आता तिथे तांदळाच्या दाण्याएवढी जागा तुळतुळीत दिसते आहे. मी थांबले आहे. पुढे काय करू?

सुतारपक्षी

थांबलात ते फार बरं केलंत. तो काळा रंग म्हणजे लेपच आहे. गेलेला परत येणार नाही, पण दाण्याएवढाच आहे, काही दिवसांनी तुमचं तुम्हालाही शोधावं लागेल. आता कोरड्या सुती फडक्याने फक्त टिपून घ्या, चोळू नका, आणि रात्रभर तसाच ठेवा. स्पिरिट पूर्ण उडून लेप पुन्हा कडक व्हायला हवा. उद्या काय करायचं ते सांगतो.

पायवाट

माझा प्रतिसाद मागे घेतो.

माझा आधीचा सल्ला कृपया कोणी वापरू नका. माझे आतापर्यंतचे सगळे लॅपटॉप धातूचे होते, दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठभागाचा विचारच मनात आला नाही. कोरीपाटी, मनापासून माफी मागतो.

कोरीपाटी

पायवाट, अहो, तुम्ही मदतच करत होतात. मीच पृष्ठभाग कसला ते लिहिलं नव्हतं. राग अजिबात नाही.

जुनीवही

तोवर थोडा इतिहास. हे स्टिकर आले कुठून, हा प्रश्न मला कायम पडायचा म्हणून बरंच वाचलं होतं.

ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर घेणाऱ्याला आतली चिप कोणाची याच्याशी देणंघेणं नसायचं. चिपचा ग्राहक म्हणजे कॉम्प्युटर बनवणारी कंपनी. इंटेलच्या चिपना ३८६, ४८६ अशी आकड्यांची नावं होती आणि इतर कंपन्याही तेच आकडे वापरत. १९९१ मध्ये न्यायालयाने ३८६ हा आकडा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल दिला. म्हणजे नावावर हक्क सांगायची वाटच बंद. त्याच वर्षी "इंटेल इनसाइड" मोहीम सुरू झाली. त्यातली व्यवस्था अशी : कॉम्प्युटर बनवणाऱ्याने जाहिरातीत आणि यंत्रावर ते चिन्ह लावायचं, आणि त्या बदल्यात त्याच्या जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेलने उचलायचा. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, आकडा सोडून "पेंटियम" हे नाव आलं.

कोरीपाटींच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. तुमच्या मनगटाखालची जागा ही जाहिरातीची जागा आहे आणि तिचा मोबदला लॅपटॉप बनवणाऱ्याला मिळतो. पुढे ग्राफिक्सवाले, आवाजवाले, सगळेच त्या वाटेने गेले.

अॅपलने मात्र २००६ ते २०२० अशी चौदा-पंधरा वर्षं इंटेलच्या चिप वापरून नवे मॅक काढले, पण एकावरही तो स्टिकर लावला नाही. २००७ मध्ये पत्रकारांनी स्टीव्ह जॉब्झना याबद्दल विचारलं होतं. आत इंटेल आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, मग पुन्हा कशाला सांगायचं, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. म्हणजे चिप इंटेलची असली की स्टिकर लावावाच लागतो, असं नव्हतं. तो व्यवहार होता, आणि नाकारता येत होता.

मृगजळी

जुनीवही, दंडवत. वाचनखूण साठवली.

रानवारा

जुनीवही ताई, माहितीबद्दल आभार. पण याची दुसरी बाजूही बघा. त्या मोहिमेमुळेच सामान्य माणूस "आत काय आहे" हे विचारायला शिकला. त्याआधी दुकानदार देईल ते घ्यायचं. निदान दोन वेगवेगळ्या चिप असतात आणि त्यांत फरक असतो, हे त्या चौकोनानेच शिकवलं.

जुनीवही

हे मान्य, पण स्टिकर खरं बोलत असेल तरच. २००६ मध्ये नवीन विंडोज यायच्या आधी कॉम्प्युटरवर "विंडोज व्हिस्टा केपेबल" असे स्टिकर लागले होते. लोकांनी विश्वासाने घेतले. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर व्हिस्टाची फक्त सर्वांत प्राथमिक आवृत्ती चालायची. ज्या पारदर्शक खिडक्यांची सगळीकडे जाहिरात होती, त्या त्यावर दिसतच नव्हत्या, कारण आतली ग्राफिक्स चिप तेवढी सक्षम नव्हती. २००७ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटला भरला गेला. तो सामूहिक दावा म्हणून चालवायला आधी परवानगी मिळाली, २००९ मध्ये न्यायालयाने ती काढून घेतली. पण त्या निमित्ताने कंपनीच्या आतले ईमेल बाहेर आले आणि स्टिकरवरून कंपनीत किती खल झाला होता ते जगाला कळलं.

टिंबटिंब

मी एका कार्यालयात संगणक विभाग सांभाळते. सुतारपक्षींनी तळाच्या लेबलचं लिहिलंय त्याला माझ्याकडून एक अनुभव.

आमच्या एका सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात वरचे स्टिकर काढले, मग लॅपटॉप उलटा करून खालचेही काढले. सगळं लख्ख. आठ महिन्यांनी कीबोर्ड बिघडला. सेवा केंद्राने अनुक्रमांक विचारला, तो लेबलबरोबर कचऱ्यात गेला होता. लॅपटॉप चालू होत होता म्हणून वाचलो, कारण अनुक्रमांक बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) नोंदलेला असतो, तिथून वाचून कळवला. लॅपटॉप चालूच झाला नसता तर बिलं आणि खोके शोधत बसावं लागलं असतं.

जुना लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट. विंडोज ७ पर्यंत तळाच्या लेबलवर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की छापलेली असायची. ते लेबल गेलं की परवान्याचा पुरावाच गेला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती की बहुतेक तयार लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच साठवलेली असते आणि लेबलवर छापत नाहीत.

आमच्याकडे आता नियमच केलाय : नवा लॅपटॉप आला की आधी तळाचा स्पष्ट फोटो, मग पुढचं काय ते.

मृगजळी

आणि ते स्क्रूवर बसवलेले "काढल्यास वॉरंटी रद्द" लिहिलेले बारके स्टिकर? त्यांना मी घाबरते.

टिंबटिंब

ते वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. ग्राहकाने बाहेरचा सुटा भाग वापरला किंवा दुसरीकडे दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी रद्द होईल असं सांगणं तिथल्या १९७५ च्या कायद्यात सहसा बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. वॉरंटी चालू असताना ते स्टिकर उगाच फाडू नयेत, माझं तरी हेच मत. जाहिरातीच्या स्टिकरचा त्यांच्याशी संबंध नाही.

शब्दवेल

अवांतर : स्टिकरला मराठीत काय म्हणावं? चिकटपट्टी म्हणजे टेप. चिठ्ठी चिकटलेली असेलच असं नाही. लेबल तर मराठीच झालंय, पण त्यात माहिती असते, जाहिरात नसते. "चिकटचित्र" बरं वाटतं का?

दुपारचं_ऊन

आमच्या घरात आता "पट्टी" हाच शब्द रुजलाय.

शब्दवेल

छान आहे! आणि स्टिकर निघाल्यावर मागे जे उरतं त्याला "चिकटा" हा किती नेमका शब्द आपल्याकडे आहे बघा. डिंक, गोंद, खळ हे चिकटवायला लागतात. चिकटा म्हणजे नको असताना जो राहतो तो. कोरीपाटींनी पहिल्याच पोस्टमध्ये तो सहज वापरला, वाचून आनंद झाला.

भूमितीअप्पा

कोरीपाटी, उद्या स्टिकर काढताना ओढायचा कसा, हे माझ्याकडून ऐका. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवायचो, हा माझा आवडता विषय.

बहुतेक लोक कोपरा धरून सरळ वर ओढतात, म्हणजे पृष्ठभागाशी काटकोनात. असं न करता स्टिकर स्वतःवरच मागे दुमडा आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. पातळ, न ताणणाऱ्या पट्टीसाठी सोलायला लागणारा जोर एक वजा कोनाची कोसाइन, याच्या व्यस्त प्रमाणात असतो. काटकोनाची कोसाइन शून्य, म्हणून भागाकार एकने. पूर्ण मागे दुमडल्यावर कोसाइन उणे एक, म्हणून भागाकार दोनने. म्हणजे तेवढंच काम निम्म्या जोरात होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे लेपाला वर उचलणारी ओढ कमी होते, म्हणून लेप सोबत उचलून येण्याची भीती कमी.

दुसरं वेगाबद्दल. हा चिकटा ना पूर्ण घन, ना पूर्ण द्रव. हळू ओढला तर तो वाहतो, झटक्याने ओढला तर कडक होऊन अडतो आणि लागणारा जोर वाढतो. म्हणून एका सेकंदाला एक-दोन मिलिमीटर, याहून जास्त नको. कंटाळवाणं आहे, पण एका स्टिकरला दोन मिनिटंच लागतात.

तिसरं, उष्णता. गरम केल्यावर चिकटा मऊ होतो, जोर कमी लागतो. पण फार गरम केलात तर तो मधूनच फाटतो, अर्धा स्टिकरबरोबर येतो आणि अर्धा लॅपटॉपवर राहतो. "ड्रायर मारला तरी चिकटा राहिलाच" अशी तक्रार असते तिचं हे एक कारण आहे. कोमट पुरे.

मृगजळी

अप्पा, आत्ता पाण्याच्या बाटलीवरचं लेबल दोन्ही पद्धतींनी ओढून बघितलं. फरक हाताला खरंच कळतो! काटकोनात ओढलं तेव्हा कागद फाटला, मागे दुमडून ओढलं तर अख्खं निघालं.

सुतारपक्षी

अप्पांनी जे सांगितलं ते मी रोज हाताने करतो, त्यामागचं गणित आज कळलं. आभार.

ड्रायरबद्दल एक सावधगिरी. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी नेमकी मनगटाच्या जागेखालीच असते. लिथियम-आयन सेलला ६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये आणि ड्रायरची हवा जवळून त्याहून बरीच गरम असते. म्हणून लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, एक वीत लांब आणि सतत हलता. दहा-पंधरा सेकंद झाले की थांबून बोट लावून बघायचं. बोटाला चटका बसत असेल तर ते जास्तच आहे.

कोरीपाटी, तुमच्यासाठी क्रम असा. कोमट करा. कोपरा नखाने उचला, नख पुरत नसेल तर प्लास्टिकचं कार्ड. धातूचं काहीही नको, ब्लेड तर मुळीच नको. मग अप्पांच्या पद्धतीने मागे दुमडून हळू. चिकटा राहिला तर निघालेल्या स्टिकरचीच चिकट बाजू त्यावर टेकवा आणि उचला, टेकवा आणि उचला. चिकट्याला चिकटाच ओढून घेतो. उरलेला बोटाच्या पेराने गोल फिरवला की गोळी होऊन निघतो. शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. तुमच्या पृष्ठभागावर तेल, स्पिरिट, पेट्रोल काही नको. भांडी घासायचा तो पांढरा जादूचा स्पंजही नको. तो मेलामाइनचा असतो, अगदी बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो आणि मॅट पृष्ठभागावर चकाकी आणतो.

ज्यांचा लॅपटॉप धातूचा आहे त्यांनी चिकट्यावर थेंबभर तेल लावून दहा मिनिटं ठेवलं तरी चालतं, मग साबणाने पुसायचं. काहीही वापरा, ते फडक्यावर घ्यायचं. लॅपटॉपवर थेट ओतायचं किंवा फवारायचं नाही, टचपॅडच्या फटीतून आत जातं.

टिंबटिंब

धातूचे जाड, फुगीर बिल्ले असतात त्यांना कार्ड चालत नाही. दात साफ करायचा दोरा त्याच्याखालून करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्यायचा. पृष्ठभागाला काहीही लागत नाही.

मृगजळी

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाच की. बिनस्टिकरचा लॅपटॉप मिळतो का?

टिंबटिंब

अॅपलच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेस यंत्रांवर मनगटाच्या जागी चिपचे स्टिकर नसतात. इतरांमध्ये माझा अनुभव असा की कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकांवर कमी असतात, घरगुती वापराच्या स्वस्त मालिकांवर सर्वांत जास्त. तो तळहाताएवढा माहितीचा स्टिकर दुकानातल्या फळीवर उभ्या उभ्या बघणाऱ्यासाठी असतो. घेण्याआधी प्रत्यक्ष यंत्राचे फोटो बघा. कंपनीच्या पानावरच्या चित्रांत स्टिकर बहुतेक वेळा नसतातच.

जुनीवही

आणि उपाय कंपन्यांच्या घरातच आहे. सुट्या खोक्यात विकत मिळणारे डेस्कटॉप प्रोसेसर बघा. त्यांच्यासोबत तो बिल्ला बहुतेकदा सुटा दिलेला असतो. हवा त्याने कॅबिनेटवर लावावा, नको त्याने ठेवून द्यावा. चिप तीच, कंपनी तीच. मग लॅपटॉपच्या ग्राहकालाही तो खोक्यात सुटा का मिळू नये? रानवारांसारख्यांना लावता येईल, कोरीपाटींना मनगट टेकवता येईल.

रानवारा

यावर माझी पूर्ण सहमती. माझ्या स्टिकरवर माझा जीव आहे, पण तो दुसऱ्याच्या मनगटाला टोचावा असं मी कधीच म्हणणार नाही. मला तर स्वतःच्या हाताने लावायला जास्त आवडलं असतं.

वीजबचतीचा मात्र राहू द्यावा असं वाटतं. एनर्जी स्टार ही वीजबचतीची खूण १९९२ पासून आहे आणि ती सर्वांत आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटरना मिळाली. ती एका चाचणीची खूण आहे, जाहिरात नव्हे.

जुनीवही

खूण घेण्याआधी उपयोगाची. घेतल्यावर स्टिकर ठेवला काय, काढला काय, वीज तेवढीच लागणार. पण तुमची भावना कळली.

कोरीपाटी

मंडळी, काल रात्री बसले. सविस्तर कळवते.

आधी टिंबटिंब यांच्या नियमाप्रमाणे तळाचा फोटो काढला. मग मोठा स्टिकर घेतला, कारण खरं दुखणं त्याचंच. ड्रायर बारा सेकंद, बोट लावून बघितलं, कोमट. कोपरा नखाने सुटला. मागे दुमडला आणि अप्पांनी सांगितलं तेवढ्याच वेगाने ओढत गेले. मध्ये दोनदा हाताला घाई झाली, तेव्हा चिकट्याचे तंतू लांब ताणलेले दिसले, लगेच वेग कमी केला. साडेतीन मिनिटं लागली. खाली काहीही नाही, अगदी काहीही नाही! बोट फिरवलं तर कळेना की तो कुठे होता.

प्रोसेसरचा आणि ग्राफिक्सचाही तसाच निघाला. ग्राफिक्सच्या एका कोपऱ्यात चिकटा राहिला होता, तो त्याच स्टिकरने टेकवून-उचलून काढला. वीजबचतीचा रानवारांचं वाचून ठेवणार होते, पण डाव्या मनगटाखाली तो एकटाच लागायला लागला, म्हणून तोही काढला.

आवाजाचा छोटा राहू दिलाय. त्याच्या कडेचा लेप माझ्या स्पिरिटने आधीच सैल झालाय आणि कोपरा उचलताना काळी बारीक कपची येताना दिसली, तिथेच थांबले. तो अगदी खालच्या कडेला आहे, हाताला लागत नाही. सुतारपक्षी, हे बरोबर केलं ना?

आज दिवसभर काम केलं. संध्याकाळी मनगट बघितलं, लाल रेघ नाही.

सुतारपक्षी

अगदी बरोबर केलंत. तो तसाच राहू द्या. त्याच्याखालचा लेप जपला जातोय असं समजा. हे मऊ लेप काही वर्षांनी हवेतल्या दमटपणाने आपणहून चिकट होतात. तेव्हा सगळाच लेप स्पिरिटने पुसून काढायची वेळ येते. त्यादिवशी तोही निघेल.

पायवाट

वाचून जीव भांड्यात पडला.

भूमितीअप्पा

तंतू दिसल्यावर वेग कमी केलात, हे फार आवडलं.

रानवारा

धाग्याला आठवडा झाला, तरी सांगायलाच हवं.

अप्पांचं सगळं वाचून राहवेना म्हणून त्या बारा वर्षांच्या लॅपटॉपचा स्टिकर फक्त कोपऱ्यातून बघायचं ठरवलं. कोमट केला, मागे दुमडला, आणि बघता बघता पूर्ण निघाला. इतक्या वर्षांचा, तरी अख्खा. खाली शुभ्र पांढरा चौकोन! माझा लॅपटॉप पांढरा होता हे मी विसरूनच गेलो होतो. उन्हाने बाकीचं सगळं प्लास्टिक पिवळं पडलंय, इतक्या सावकाश की रोज बघूनही कधी लक्षात आलं नाही. त्या चौकोनाखाली मात्र खोका उघडल्या दिवशीचा रंग तसाच होता.

बराच वेळ बघत बसलो. फोटो काढला. मग दुहेरी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून स्टिकर होता तिथेच, कडेला कड जुळवून, परत बसवला.